मदत हवी आहे: वापरलेल्या कार्ट इंजिनाचे सील आणि मुलीचा परवाना

नमस्कार. मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांच्या दुरुस्तीचे काम करतो. माझी १२ वर्षांची मुलगी दोन वर्षांपासून सुट्टीत कोल्हापूरला जाऊन भाड्याच्या फोर-स्ट्रोक कार्टवर (शर्यतीच्या छोट्या, उघड्या चारचाकीवर) सराव करते. आता तिला फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचा परवाना काढून स्पर्धेत उतरायचे आहे, म्हणून मी तिच्यासाठी रोटॅक्स कंपनीच्या ज्युनिअर मॅक्स या मुलांच्या स्पर्धावर्गाचे १२५ सीसी, टू-स्ट्रोक इंजिन वापरलेले विकत घेतले.

घरी आणून पाहिल्यावर शंका आली. सिलिंडरच्या स्टडमधून ओवलेल्या तारेला जे काळे सील असते, त्यावरचा क्रमांक इंजिनाच्या ओळखपत्रावरील क्रमांकाशी जुळत नाही, शिवाय तारेच्या टोकावर पकडीचे दात स्पष्ट उमटलेले आहेत. विक्रेता म्हणतो, "त्याने काही फरक पडत नाही." पण अधिकृत सेवा केंद्राखेरीज कोणी इंजिन उघडले तर ते स्पर्धेत चालत नाही, एवढे मला ठाऊक आहे. कार्ब्युरेटरचे जेट किंवा साखळीचे दातेरी चाक (स्प्रॉकेट) बदलण्याची मुभा असते, पिस्टनला हात लावण्याची नाही. माझ्याकडे लेथ आहे, इंजिन खोलून पाहण्याचा मोहही होतो, परंतु मी ते मुद्दाम उघडलेले नाही, कारण हा नियम मला मनापासून पटतो. तो नसता तर ज्याच्या बापाकडे लेथ, त्याचेच पोर पुढे गेले असते.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे की, असे इंजिन सेवा केंद्रात तपासून, मापे नियमात बसल्यास, नवे सील आणि नवी नोंद मिळते का, आणि त्यासाठी पूर्वीच्या मालकाचे कागद लागतात का?

दुसरा प्रश्न परवान्याच्या चाचणीचा. शर्यतीत चालकांना इशारा देणाऱ्या झेंड्यांची तयारी तिच्या आईने टॉवेलच्या रंगीत कटपिसांवर करून घेतली आहे. निळा दिसताच मागच्याला वाट द्यायची, काळ्यावर केशरी गोल दिसला की बिघाडासाठी पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागी) यायचे, हे ती झोपेतही सांगते. मात्र प्रत्यक्ष ट्रॅकवरची चाचणी भाड्याच्या फोर-स्ट्रोक कार्टवर देता येते, की ज्या वर्गात उतरायचे त्याच वर्गाची कार्ट लागते? तसे असेल तर आधी इंजिनाचाच प्रश्न सोडवावा लागेल. ज्यांच्या मुलांनी अलीकडे ही चाचणी दिली आहे, त्यांनी अवश्य लिहावे. सीलचे आणि ओळखपत्राचे फोटो पहिल्या प्रतिसादात देत आहे.