काळ्या मातीच्या रस्त्याला नुसती फ्लाय अॅश पुरते का?

वर्धाकाठ: वर्ध्याजवळ गोदामाचा रस्ता, लांबी ५०० मीटर, रुंदी ३.७५. खाली काळी माती, फ्री स्वेल (पाण्यात माती किती फुगते ते) ६५ टक्के, भिजवलेला सीबीआर (मातीची भार पेलण्याची ताकद) २ टक्के. मुरूम लांबून आणावा लागतो, कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राची राख (फ्लाय अॅश) मिळतेय. ठेकेदार म्हणतो २० टक्के राख टाका, चुना नको. पटत नाही. प्रमाण काय धरू?

रोलर८टन: तुमची शंका रास्त आहे. आपल्या दगडी कोळशाच्या राखेत चुना नावालाच, त्यामुळे ती स्वतःहून घट्ट होत नाही (नेयवेलीच्या लिग्नाइटची राख वेगळी). नुसत्या राखेने फुगणं थोडं कमी होईल, ताकद फारशी येणार नाही.

सुरुवातीला कोरड्या मातीच्या ४ टक्के विरलेला चुना, १५ टक्के राख धरा. १५ सेंमी थरात चौरस मीटरला साधारण २२५ किलो माती, म्हणजे चुना ९ किलो, राख ३४ किलो. तुमच्या कामाला चुना १७ टन, राख ६४ टन. चुन्याचा आकडा मात्र प्रयोगशाळेतून घ्या: ४२५ मायक्रॉनखालची माती २५ ग्रॅम, ऊर्ध्वपातित पाणी १०० मिली, २ ते ६ टक्के चुन्याच्या वेगवेगळ्या बाटल्या, तासभर अधूनमधून हलवून पीएच. सगळ्यात कमी ज्या टक्क्याला १२.४ येतो, तिथून पुढे सीबीआर करून पक्कं करा. उघड्यावर पडलेला जुना चुना घेऊ नका, हवेने तो मरतो.

भेगावळ: चुना आणि राख एकदम टाकू नका. आधी चुना, पाणी, रोटाव्हेटर, मग २४ तास तसंच. ढेकळं आपोआप मऊ पडतात. दुसऱ्या दिवशी राख मिसळून त्याच दिवशी रोलर. राख पाणी ओढते, त्यामुळे ओलावा पुन्हा तपासा. नंतर ७ दिवस ओलं ठेवा, वाहनं बंद.

बहुतेक कामं मिसळण्यात फसतात. रोटाव्हेटर वरचे १० सेंमीच फिरवतो आणि तळाची माती जशीच्या तशी राहते. खड्डा खणून कडेवर फिनॉल्फ्थॅलीन फवारा. जिथे गुलाबी होत नाही तिथे चुना पोचलेला नाही. शिवाय थर दोन्ही बाजूंना ५० सेंमी जास्त घ्या, नाहीतर पावसाळ्यात कडेची माती फुगून लांबलचक भेगा पडतात.

वर्धाकाठ: वीज केंद्राच्या तळ्यात सोडलेली राख चालेल का? ती लगेच मिळते.

रोलर८टन: भरावाला चालेल, या थराला नको. ती जाडसर आणि ओली असते, चुन्याशी संथ जुळते. हॉपरची (धुरातून गाळून जमवलेली) सुकी राख मागा, बल्करने (बंद टँकरने).

भेगावळ: आणि मातीत जिप्समचे चकाकणारे खडे दिसले तर सल्फेट मोजा. ०.३ टक्क्यांच्या वर गेलं की चुन्याशी मिळून एट्रिंजाइट नावाचं फुगणारं खनिज होतं आणि झालेला थर उलटा फुगतो. मग चुना कमी करून स्लॅगची (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीची) भुकटी घालावी लागते.