प्रतिसाद: ब्लेनहाइमचा ऑर्गन

वर कुणीतरी म्हटलंय की सरदारांच्या घरातले ऑर्गन म्हणजे निव्वळ बडेजाव. इंग्लंडमधल्या ब्लेनहाइम पॅलेसचं, म्हणजे मार्लबरोच्या ड्यूकच्या वाड्याचं उदाहरण बघा. तिथल्या लाँग लायब्ररीतला जंगी ग्रंथसंग्रह 1880 च्या दशकात लिलावात गेला, आणि त्याच दालनात 1891 मध्ये हेन्री विलिस कंपनीचा पाइप ऑर्गन आला! मार्लबरोच्या आठव्या ड्यूकने तो बसवला. दुसरी बायको अमेरिकेतली श्रीमंत विधवा, म्हणजे पैसा कुठून आला ते उघड आहे. (आपल्या संगीत नाटकातला ऑर्गन धातूच्या कंप पावणाऱ्या पट्ट्यांचा (रीडचा), हा नळ्यांचा.) ड्यूक 1892 मध्येच वारला. ऑर्गनवर लिहिलेल्या ओळींचा आशय असा: आमचे आवाज थांबतील तेव्हा तू या भिंतींत बोलत राहा. बडेजाव असेलही, पण वाचून गलबलतं.