पोसादाचे सांगाडे कोणाला टोमणे मारतात?

प्रश्न: मेक्सिकन चित्रकार होसे ग्वादालुपे पोसादाची चित्रं बघतेय सध्या, सांगाडे नाचतायत, सायकल हाणतायत, वेड लागलंय मला. हे नुसतं सणापुरतं होतं की यात राजकारण पण आहे?

उत्तर: दोन्ही गं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांचा सण असतो, तेव्हा मेक्सिको सिटीत वानेगास आरोयोच्या छापखान्यातून हे स्वस्त कागदावर निघायचं आणि रस्त्यावर विकलं जायचं, वर सांगाडे आणि खाली जिवंत माणसं मेलीच आहेत असं धरून केलेल्या खोडकर कविता. तू म्हणतेस ते सायकलवाले पत्रकार आहेत, कोणालाच सोडलेलं नाही! पोसादाच्या आधी तिथेच मानुएल मानियाने असे सांगाडे कोरलेत, त्याचं नाव मात्र कोणी घेत नाही, वाईट वाटतं.

उत्तर: पोसादाची ती मोठ्या हॅटवाली कवटी झूम करून बघ. पिसं, फुलं, दात काढून हसतेय, आणि चित्र खांद्यापाशीच संपतं. स्वतःचं मूळ लपवून युरोपियन मिरवणाऱ्यांवरचा टोमणा आहे तो. अंगभर ड्रेस तिला चित्रकार दिएगो रिवेराने 1947 च्या भित्तिचित्रात घातला, आणि शेजारी पोसादाला उभं केलं, तिच्या दंडात हात अडकवून.

प्रश्नकर्ती: म्हणजे हे भित्तिचित्र पोसादाने पाहिलंच नाही?

उत्तर: नाही ना, 1913 मध्येच गेला, गरिबांच्या कबरीत पुरला. 1920 च्या दशकात चित्रकार जाँ शार्लोने त्याच्यावर लिहिलं तेव्हा कुठे कलाजगताचं लक्ष गेलं.