सहा माणसं, सामान आणि कुंभार्ली घाट: अर्टिगा, कॅरेन्स की जुनी क्रिस्टा? मदत हवी आहे

गुहागरची सून

नमस्कार मंडळी,

गाडी बदलायची आहे आणि घरात एकमत होत नाहीये. आम्ही साताऱ्यात राहतो. मी, नवरा, सासू-सासरे, नववीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. सध्या वॅगनआर आहे. गावातल्या गावात तिच्याबद्दल काहीही तक्रार नाही, पण गुहागरजवळ आमच्या गावी जायचं म्हटलं की सहाव्या माणसाला एसटीने पाठवावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा सासरेच असतात. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने बॅग सांभाळत चिपळूण स्टँडवर ताटकळायचं, हे आता बघवत नाही. म्हणून तीन रांगांचीच गाडी हवी.

रोजचा वापर म्हणजे मुलांची शाळा, माझं ऑफिस, भाजी. सगळ्या छोट्या फेऱ्या, कुठलीच पाच-सहा किलोमीटरच्या वर नाही. महिन्या-दीड महिन्याने गाव: उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली, चिपळूण. मे महिन्यात आणि गणपतीत तर हमखास. ऊसतोडणीच्या दिवसांत उंब्रज ते पाटण रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात, त्यांना ओव्हरटेक करताना गाडीत दम हवा. घाटात बहुतेक मीच चालवते. बजेट ऑन रोड 16 लाख.

मारुतीची अर्टिगा बघितली. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. त्यांना आधी पाठमोरं टेकायचं आणि मग एकेक पाय आत घ्यायचा, असं करावं लागतं. अर्टिगाची मधली सीट त्यासाठी अगदी योग्य उंचीवर आहे. त्या बसल्या आणि लगेच म्हणाल्या, "हीच घ्या." मुलगी तिसऱ्या रांगेत बसली, तेव्हा मात्र तिचे गुडघे पोटाशी आले. डिकीचं काय होतं ते बघायला आम्ही घरून बॅगा घेऊनच गेलो होतो. सगळ्या सीटा उभ्या असताना 209 लिटर जागा आहे म्हणतात. त्यात मोठी बॅग एकच आणि तीही उभी बसली. सीएनजी घेतली तर टाकी त्याच जागेत येते, मग ती बॅगही गेली.

सुरक्षेचीही धास्ती आहे. गाड्या आपटवून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने 2019 मध्ये अर्टिगाला पाचपैकी 3 स्टार दिले होते. 2024 मध्ये नव्या, कडक निकषांवर आफ्रिकेत विकली जाणारी भारतीय बनावटीची अर्टिगा तपासली, तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षेला 1 च मिळाला आणि गाडीचा सांगाडा अस्थिर ठरला. त्या गाडीत दोन एअरबॅगा होत्या. आता आपल्याकडे सहा येतात, पण सांगाडा तोच ना?

कियाची कॅरेन्स आतून ऐसपैस वाटली. चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि तिसऱ्या रांगेत मुलगी जरा बरी बसली. 2024 च्या चाचणीत तिच्या सुधारित गाडीला मोठ्यांसाठी 3 आणि मुलांसाठी 5 स्टार आहेत. पण पेट्रोल घ्यावं की डिझेल, इथे गाडं अडलंय. एका शोरूममध्ये तुमचं रनिंग किती, हे न विचारताच डिझेल गळ्यात मारायला बघत होते.

नवऱ्याला टोयोटाची वापरलेली इनोव्हा क्रिस्टा हवी आहे. रेनोची ट्रायबर बघितली आणि सोडून दिली. चार मीटरच्या आतली म्हणून जीएसटी 18 टक्केच लागतो आणि मागच्या सीटा काढून ठेवता येतात, हे छान. पण 72 पीएस ताकदीचं इंजिन सहा माणसांना घेऊन घाट चढताना फार दमेल.

ज्यांनी या गाड्या भरून घाटात चालवल्या आहेत, त्यांनी कृपया लिहा.

कोयनाकाठ

ताई, माझ्याकडे अर्टिगा पेट्रोल आहे आणि घाटही हाच. दोघं-तिघं असताना गाडी मस्त पळते, हायवेला अॅव्हरेजही चांगलं. सहा माणसं, सामान आणि एसी असेल तर कुंभार्लीत दुसऱ्या गिअरची तयारी ठेवा. ताकद 103 पीएस आहे, पण टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, साधारण 137 न्यूटन मीटर, आणि तोही 4400 आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे). म्हणजे इंजिनाला ओरडू द्यावं लागतं. तिसऱ्यावर रेटायला गेलात की वळणावर जीव सोडते. भावाची सीएनजी आहे, तो कोयनानगर सोडलं की बटण दाबून पेट्रोलवर घेतो. उतरतानाही दुसराच गिअर ठेवा, नुसत्या ब्रेकवर उतरू नका.

आता बसायचं बघा. तुम्ही सहा जण आहात म्हणून सहा सीटरच्या मोहात पडू नका. मधल्या रांगेत दोन वेगळ्या खुर्च्या दिसतात देखण्या, पण मग मागे दोघांना बसावंच लागतं आणि सामानाला जागा उरत नाही. सात सीटर घ्या, मधे सलग बाक असलेली. पुढे दोघं, मधे सासू-सासरे आणि एक मूल, मागे दुसरं मूल. मागची सीट अर्धी-अर्धी विभागलेली असते, तिचा रिकामा भाग पाडला की डिकीपासून आतपर्यंत बॅगा लागतात. आमच्या काजूच्या आणि तांदळाच्या गोण्या अशाच येतात. सामान बांधून ठेवायला मात्र विसरू नका. जोरात ब्रेक लागला तर शेजारच्या पोराच्या अंगावर येतं.

दहाबारा पाना

कॅरेन्सचं डिझेल 250 न्यूटन मीटर टॉर्क देतं, आणि तो 1500 आरपीएमपासून हाताशी असतो. भरल्या गाडीने उसाच्या ट्रॉलीला मागे टाकायचं तर हेच इंजिन. पण तुमच्या रोजच्या फेऱ्या वाचून मी थांबलो.

2020 पासूनच्या बीएस 6 (प्रदूषणाचे नवे निकष) डिझेल गाड्यांच्या सायलेन्सर लाइनमध्ये डीपीएफ असतो, काजळी अडवणारा फिल्टर. एक्झॉस्ट पुरेसा तापला की साठलेली काजळी आतल्या आत जळते. त्यासाठी गाडी वीसेक मिनिटं सलग, बऱ्या वेगाने पळावी लागते. शाळा-ऑफिसच्या फेऱ्यांत इंजिन तापेपर्यंत तुम्ही पोहोचलेल्या असता. काजळी साठत जाते, डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्याकडे दुर्लक्ष केलं तर गाडीची ताकद कमी होते आणि शेवटी वर्कशॉप, मोठा खर्च. दिवा लागला की त्याच दिवशी हायवेने पाचवडपर्यंत जाऊन या, बहुतेक वेळा काम होतं.

वॅगनआर ठेवता येत असेल तर बिनधास्त डिझेल घ्या. लांबच्या प्रवासाला कॅरेन्स, गावात वॅगनआर. एकच गाडी ठेवणार असाल तर माझं मत पेट्रोलला. महाराष्ट्रात डिझेलला रोड टॅक्सही पेट्रोलपेक्षा जास्त आहे, आणि तुमच्या रनिंगमध्ये तो फरक लवकर वसूल होणार नाही.

जांभा

क्रिस्टाबद्दल थोडं. बसायला तिच्यासारखी दुसरी नाही आणि डिझेलला 343 न्यूटन मीटर टॉर्क आहे, घाट कळतही नाही. पण ती चॅसिसवरची, म्हणजे वेगळ्या सांगाड्यावर बॉडी बसवलेली गाडी, फ्लोअर उंच. सासूबाईंना आधी चढवून बघा, बाकी सगळं नंतर. दुसरं म्हणजे रुंदी. आमच्याकडे वाडीत शिरताना दोन्ही बाजूंना गडगे (दगडी कुंपणं) असतात, तिथे समोरून रिक्षा आली तर मागे कोण जाणार हा रोजचा प्रश्न. वापरलेली घ्यायचीच असेल तर पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड आणि विम्याचे जुने क्लेम बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. टॅक्सीला चाललेल्या गाड्याही बाजारात भरपूर येतात.

गुहागरची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. कोयनाकाठ, तुमची बसायची रचना वाचून नवऱ्याला लगेच दाखवली. आम्ही दोघंही सहा सीटरच बघत होतो. जांभा, काल ओळखीच्यांची क्रिस्टा दारात आणून सासूबाईंना बसवून पाहिलं. वरचं हँडल धरूनही पाय पायरीवरून वर जाईना, आणि उतरताना तर दोघांनी धरावं लागलं. त्यामुळे क्रिस्टाचा विषय संपला.

सोसायटीत पार्किंग एकच आहे, म्हणून वॅगनआर ठेवता येणार नाही. आता अर्टिगा पेट्रोल की कॅरेन्स एवढंच ठरवायचंय. रविवारी दोन्हींची टेस्ट ड्राइव्ह मागितली आहे, सहाही जण बसवून आणि यवतेश्वरच्या चढावर. शोरूमवाले तयार झाले आहेत.

एक विचारायचं राहिलं. कॅरेन्सचं साधं 1.5 पेट्रोल कुणी भरल्या गाडीने कुंभार्लीत किंवा आंबा घाटात चालवलंय का? आकड्यांवरून ते 144 न्यूटन मीटर दिसतं, म्हणजे अर्टिगापेक्षा फार वेगळं नाही, आणि गाडी तर तिच्याहून मोठी आहे. दुसऱ्या गिअरवर एसी चालू ठेवून चढते, की बंद करावा लागतो?