स्टेंट बसवल्यानंतर ‘नसांची गोळी’ चालू करावी का?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझे सासरे ६४ वर्षांचे आहेत. साडेतीन महिन्यांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला आणि त्याच दिवशी उजव्या मनगटातून अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट बसवला. छातीचा त्रास आता अजिबात नाही. रोज सकाळी घाटापर्यंत चालत जाऊन येतात. तक्रार आहे ती हातापायांची. उजव्या अंगठ्याचा पाठीकडचा भाग घरी आल्यापासून बधिर आहे. परवा चहाच्या पातेल्याची कड तिथे लागली, तेव्हा त्यांना काहीच जाणवले नाही. संध्याकाळी फोड दिसला तेव्हा भाजल्याचे कळले. शिवाय दोन्ही तळपायांना मुंग्या येतात आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर त्या वाढतात.

त्यांना १२ वर्षांपासून मधुमेह असून मेटफॉर्मिन दिवसाला २ ग्रॅम चालू आहे. तिशीत माळ घातली तेव्हापासून मांस, मासे, अंडी वर्ज्य आहेत आणि दूधही चहापुरतेच घेतात. डिस्चार्ज कार्डावर ॲस्पिरिन ७५, क्लोपिडोग्रेल ७५, ॲटोर्वास्टॅटिन ४०, मेटोप्रोलॉल आणि पॅन्टोप्राझोल अशी औषधे आहेत.

आता घरात दोन पट्ट्या आल्या आहेत. एक मेडिकलवाल्याने ‘नसांची ताकद वाढते’ म्हणून दिली. तिच्यावर मेथिलकोबालामिन (म्हणजे बी-१२ चा एक प्रकार) १५०० मायक्रोग्रॅम, अल्फा लिपोइक ॲसिड १०० मिलिग्रॅम, फॉलिक ॲसिड १.५ मिलिग्रॅम, पायरिडॉक्सिन ३ मिलिग्रॅम आणि बायोटिन ५ मिलिग्रॅम असे छापलेले आहे. दुसरी माझ्या मामेसासऱ्यांनी आणली. तिच्यात प्रीगाबालिन ७५ मिलिग्रॅम आणि मेथिलकोबालामिन आहे. मामांचे म्हणणे असे की या गोळीने नसा मोकळ्या होतात आणि पुन्हा ब्लॉकेज होत नाही. हृदयाच्या डॉक्टरांची पुढची तारीख महिन्याने आहे. फोनवर विचारले तर ‘व्हिटॅमिन घेतले तरी चालेल’ एवढेच उत्तर मिळाले. तोपर्यंत यातली कोणती गोळी द्यावी, की दोन्ही द्याव्यात?

सिन्नरचे मास्तर

ताई, मी डॉक्टर नाही, पण मलाही ५ वर्षांपूर्वी दोन स्टेंट बसले आहेत, म्हणून लिहितो.

सगळा घोटाळा ‘नस’ या एका शब्दाचा आहे. रक्त घेताना ‘नस सापडत नाही’ म्हणतो ती शीर असते. हृदयाची ‘नस बंद झाली’ म्हणतो ती धमनी असते. मान अवघडली की ‘नस दबली’ म्हणतो तो मज्जातंतू असतो. तिघांना एकच नाव देऊन आपण मोकळे होतो आणि मग ‘नसांची गोळी’ म्हटले की ती तिन्ही ठिकाणी लागू पडणार असे वाटते. तुमच्या मामेसासऱ्यांना दोष देत नाही. मीही हेच समजून चाललो होतो. स्टेंट बसला आहे तो धमनीत आणि अंगठा बधिर आहे तो मज्जातंतूमुळे. मज्जातंतूसाठी म्हणून दिलेल्या जीवनसत्त्वाने धमनीतला अडथळा हटत नाही, हे माझ्या डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावले होते.

माझी एक चूकही सांगतो. स्टेंटनंतर दोन महिन्यांनी, कोणालाही न विचारता, मी गावातल्या एका कंपाउंडरकडून बी-१२ ची पाच इंजेक्शने एकाआड एक दिवस दंडात घेतली. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत हे मी सांगितले नाही आणि त्यानेही विचारले नाही. तिसऱ्या इंजेक्शननंतर दंडावर वांग्याच्या रंगाचा, तळहाताएवढा डाग पडला आणि आठ दिवस हात वर होईना. ते पाहून घाबरून मी त्या दोनपैकी एक गोळी, क्लोपिडोग्रेलच, बंद करायला निघालो होतो. बायकोने गोळ्यांचा डबा स्वतःच्या ताब्यात घेतला, म्हणून तो प्रसंग टळला.

दुकानामागून

मी औषधनिर्माता आहे आणि २० वर्षांहून अधिक काळ काउंटरमागे उभा आहे. आमच्याच व्यवसायातील लोक अशा पट्ट्या चिठ्ठीविना हातात ठेवतात, हे कबूल करूनच पुढचे लिहितो.

आधी मामांची पट्टी. प्रीगाबालिन हे जीवनसत्त्व नव्हे. मज्जातंतूंची जळजळ आणि वेदना कमी करणारे ते औषध आहे, त्याने तंतू दुरुस्त होत नाही आणि ते चिठ्ठीशिवाय द्यायचेच नसते. त्याने झोप येते, तोल जातो आणि काहींच्या पायांवर सूज येते. हृदयविकाराच्या रुग्णाचे पाय सुजले की हृदयाचे पंपिंग कमी झाले की काय अशी शंका घ्यावी लागते, मग इको करा, लघवीचे औषध वाढवा, असा फेरा सुरू होतो. रात्री उठताना तोल जाऊन पडले आणि डोके आपटले, तर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू असलेल्या माणसाच्या बाबतीत ती साधी गोष्ट राहत नाही. म्हणून ती पट्टी तूर्त बाजूला ठेवा.

दुसऱ्या पट्टीत मला सर्वांत जास्त खटकते ते बायोटिन. दिवसाची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम असताना या गोळीत ५ मिलिग्रॅम, म्हणजे दीडशे पटींहून अधिक आहे. त्याने हृदयाला इजा होत नाही, पण काही प्रयोगशाळांच्या यंत्रांवर ट्रोपोनिनची तपासणी त्यामुळे चुकते आणि आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. छातीत दुखते म्हणून मध्यरात्री दवाखान्यात नेलेल्या माणसाला झटका आला आहे की नाही, हे ज्या तपासणीवर ठरते तीच ही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबाबत जाहीर सावधगिरीची सूचना दिली होती आणि खोट्या कमी ट्रोपोनिनशी जोडलेल्या एका मृत्यूचा त्यात उल्लेख होता. थायरॉइडच्या तपासण्यांतही असाच गोंधळ होतो. केसांच्या आणि नखांच्या गोळ्यांतही बायोटिन असते, हे ध्यानात असू द्यावे.

पायरिडॉक्सिन म्हणजे बी-६. तुमच्या पट्टीत ते फक्त ३ मिलिग्रॅम आहे, त्यामुळे एवढ्यावरून काळजी नको. मात्र तीन-चार ‘ताकदीच्या’ गोळ्या एकाच वेळी चालू असल्या की ते साठत जाते, आणि बी-६ जास्त मात्रेत बराच काळ घेतल्यास त्यानेच हातपाय बधिर होतात. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी दिवसाची वरची मर्यादा १२ मिलिग्रॅम ठरवली आहे. मुंग्या थांबाव्यात म्हणून गोळी घ्यायची आणि तिनेच मुंग्या आणायच्या, असा हा प्रकार मी काउंटरवर पाहिला आहे.

जुना फिजिशियन

वरच्या दोघांनी बरेच काम हलके केले आहे. रुग्णाला न तपासता निदान करता येत नाही, तरी दिशा सांगता येईल.

अंगठा आणि तळपाय या दोन स्वतंत्र तक्रारी धरून चालावे. मनगटातून अँजिओप्लास्टी झाल्यावर रक्त थांबवण्यासाठी तिथे काही तास घट्ट पट्टी बांधतात. अंगठ्याच्या पाठीकडची संवेदना नेणारा मज्जातंतूचा वरवरचा फाटा त्या जागेजवळूनच जातो आणि दाबाने किंवा साकळलेल्या रक्ताने तो कधीकधी दुखावतो. सासरेबुवा माळकरी आहेत, तर त्यांना डोळे मिटून जपमाळ ओढायला सांगा. अंगठ्याच्या पेराला मणी नीट कळत असेल आणि बधिरपणा फक्त पाठीकडे असेल, तर संशय या फाट्यावर येतो. मणीच कळत नसेल आणि तर्जनी व मधले बोटही बधिर असेल, तर मनगटाच्या आतल्या बाजूने जाणारा दुसरा तंतू तपासावा लागेल. मधुमेहात तो दबण्याचे प्रमाण जास्त असते. हात गार, फिकट पडत असेल किंवा वापरताना दुखत असेल, तर मात्र मनगटाची धमनी बंद झाली नाही ना, हे पाहण्यासाठी पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवावे.

नुसत्या दाबाने दुखावलेला तंतू बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप सुधारतो. आतला धागा तुटला असेल, तर तो दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या वेगाने वाढतो. म्हणजे मनगटापासून ८ सेंटिमीटर जायला ८० दिवस आणि सुरुवातीचा उशीर वेगळा. शरीरात कमतरता नसताना जीवनसत्त्वाच्या गोळीने हा वेग वाढतो, असा भरवशाचा पुरावा नाही.

तळपायांची गोष्ट वेगळी आहे. दोन्ही पायांना सारख्या मुंग्या येणे हे मधुमेहाचे लक्षण असू शकते आणि बी-१२ च्या कमतरतेचेही, आणि या गृहस्थांकडे कमतरतेची तीन कारणे एकत्र आली आहेत. मांसाहार नाही आणि दूधही नाममात्र, हे पहिले. १२ वर्षे मेटफॉर्मिन, ज्याने आतड्यातून बी-१२ कमी शोषले जाते, हे दुसरे. तिसरे पॅन्टोप्राझोल, अन्नातले बी-१२ सुटे व्हायला जठरातले आम्ल लागते आणि ही गोळी तेच कमी करते. हे वाचून कोणी पॅन्टोप्राझोल बंद करू नये. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र चालू असताना जठरातून रक्तस्राव होऊ नये म्हणून ते दिलेले आहे. त्याच्या जागी दुकानातून ओमेप्राझोलही आणू नये, कारण ते क्लोपिडोग्रेलचा प्रभाव घटवते.

त्यामुळे माझे म्हणणे असे की आधी रक्त द्यावे आणि मग गोळी सुरू करावी. गोळी सुरू केल्यावर रक्तातला आकडा वर जातो आणि मूळ कमतरता होती की नव्हती हे कळायला मार्ग राहत नाही. बी-१२, हिमोग्लोबिनसह संपूर्ण रक्ततपासणी, तीन महिन्यांची सरासरी साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि थायरॉइड एवढे पुरे. बी-१२ चा आकडा २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता धरतात. २०० ते ३०० मध्ये असेल तर लक्षणे पाहून ठरवावे लागते.

फॉलिक ॲसिडबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण स्टेंटशी त्याचा थेट संबंध आलेला आहे. होमोसिस्टीन (रक्तातले एक अमिनो आम्ल) कमी केले की धमन्या वाचतील, या आशेने एके काळी फॉलिक ॲसिड, बी-६ आणि बी-१२ सढळ हाताने लिहिले जात. मीही लिहिले आहे. २००१ मध्ये स्वित्झर्लंडमधील अभ्यासात अँजिओप्लास्टीनंतर ही जीवनसत्त्वे घेणाऱ्यांमध्ये धमनी पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण कमी दिसले आणि सर्वांना हुरूप आला. २००४ मध्ये साध्या धातूचा स्टेंट बसवलेल्या ६३६ रुग्णांवरील अभ्यासात नेमके उलटे दिसले: जीवनसत्त्वे घेणाऱ्यांपैकी ३४.५ टक्के रुग्णांमध्ये स्टेंट पुन्हा अरुंद झाला, न घेणाऱ्यांमध्ये २६.५ टक्के. त्यात तोंडाने दिलेली फॉलिक ॲसिडची मात्रा दिवसाला १.२ मिलिग्रॅम होती, म्हणजे तुमच्या पट्टीतल्या मात्रेच्या जवळपासच. पुढे २००६ मध्ये नॉर्वेत, झटका येऊन गेलेल्या ३,७४९ रुग्णांमध्ये होमोसिस्टीन कमी होऊनही पुढचे झटके कमी झाले नाहीत. आज बहुतेकांना औषध लावलेले स्टेंट बसतात, त्यामुळे २००४ चा आकडा त्यांना जसाच्या तसा लागू होत नाही आणि घाबरून जाण्याचेही कारण नाही. पण ‘व्हिटॅमिनच तर आहे, घेतले तर काय बिघडते’ हे वाक्य मी तेव्हापासून वापरत नाही. शिवाय बी-१२ ची कमतरता असताना नुसते फॉलिक ॲसिड दिले, तर हिमोग्लोबिन सुधारून मज्जातंतूंचे नुकसान आत चालूच राहू शकते.

कमतरता निघालीच, तर एकट्या बी-१२ ची गोळी घ्यावी. मोठ्या मात्रेतल्या गोळीतून थोडा भाग जठर-आतड्याच्या नेहमीच्या वाटेशिवायही शोषला जातो, म्हणून शाकाहारी माणसाला प्रत्येक वेळी इंजेक्शनच लागते असे नाही. इंजेक्शन लागलेच, तर देणाऱ्याला दोन गोळ्यांची कल्पना द्यावी, बारीक सुई वापरायला सांगावी आणि जागा पाच मिनिटे दाबून धरावी, चोळू नये. मास्तरांचा डाग बहुधा चोळल्यानेच वाढला असावा. आणि एक अपवाद कायम लक्षात ठेवा: डावा हात किंवा जबडा अचानक जड होऊन घाम फुटला, तर तो मज्जातंतूंचा विषय नाही, १०८ ला फोन करावा.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी कळवते आहे. जपमाळेचा प्रयोग केला. मणी नीट कळतो, बधिरपणा पाठीकडेच आहे. बी-१२ चा आकडा १४२ आला, सरासरी साखर ८.१ आणि क्रिएटिनिन ठीक. फॅमिली डॉक्टरांनी हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून एकट्या मेथिलकोबालामिनची गोळी सुरू केली आहे, साखरेच्या औषधात बदल केला आहे आणि बाकी एकही गोळी हलवलेली नाही. अंगठ्याला आता नळाचे गार पाणी कळू लागले आहे, गरम अजून कळत नाही. पातेली उतरवायचे काम तूर्त त्यांच्याकडून काढून घेतले आहे, त्यावरून थोडी कुरबूर आहे. बी-१२ पुन्हा कधी तपासावे?

जुना फिजिशियन

तीन महिन्यांनी, आणि मेटफॉर्मिन चालू आहे तोवर पुढे वर्षातून एकदा. अंगठ्याची सुधारणा बी-१२ मुळे झाली असे लगेच धरू नका, ती तशीही व्हायचीच असावी. तळपायांना वेळ लागेल. त्यात साखरेचा वाटा किती, हे आकडा ७ च्या आसपास आल्याशिवाय कळणार नाही. तोवर रोज रात्री त्यांचे तळवे कोणीतरी उजेडात पाहावेत. पातेल्याची कड जशी कळली नाही, तसा पायाला लागलेला काचेचा तुकडाही कळणार नाही, आणि घाटावर ते अनवाणी जात असतील तर चप्पल घालायला लावा.

कृष्णाकाठ

अनवाणीच जात होते. चप्पल आणली आहे. मामेसासऱ्यांची पट्टी परत द्यायला गेले, तेव्हा त्यांना ती कोणत्या डॉक्टरांनी लिहून दिली होती असे विचारले. ते म्हणाले, ‘मला कुठे दिली, शेजाऱ्याला दिली होती.’