महापौराने आमदारही असावे का? क्लोव्हर मूर यांच्या निमित्ताने

धागाकर्ता: सिडनीच्या क्लोव्हर मूर १९८० मध्ये साउथ सिडनी पालिकेत अपक्ष नगरसेविका म्हणून निवडून आल्या आणि पुढे सिडनी महापालिकेत गेल्या. १९८७ मध्ये राज्य सरकारने ही महापालिका बरखास्त केली. पुढच्याच वर्षी त्या ब्लाय मतदारसंघातून न्यू साउथ वेल्सच्या विधानसभेत पोचल्या. २००४ पासून महापौरपद आणि आमदारकी त्यांनी एकत्र सांभाळली. २०१२ मध्ये राज्याचे मुख्यमंत्री ओ'फॅरेल यांच्या सरकारने कायद्याने त्याला बंदी केली आणि महापौरपद पुन्हा जिंकल्यावर त्यांना आमदारकी सोडावी लागली. मला हा अन्याय वाटतो. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत पालिकांचा उल्लेखही नाही, त्या सर्वस्वी राज्याच्या मर्जीवर असतात; मग जे सभागृह आपली पालिका बरखास्त करू शकते, तिथे पालिकेचा आवाज नको का?

प्रतिसाद १ (विरोधात): आपला मुद्दा भावनेला पटतो, व्यवहाराला नाही. कायदा एकट्या मूर यांच्यासाठी नव्हता, सर्वच महापौर आणि नगरसेवकांना तो लागू झाला. राज्य आणि महापालिका यांच्यात वाद झाला, तर एकच व्यक्ती दोन्हीकडून कशी बोलणार? शिवाय त्यांची आमदार म्हणून ठळक कामगिरी १९९१ नंतरच्या त्रिशंकू विधानसभेतली आहे. जॉन हॅटन आणि पीटर मॅकडोनल्ड या अपक्षांसह त्यांनी अल्पमतातल्या सरकारकडून सुधारणांचा करार करून घेतला आणि विधानसभेची चार वर्षांची ठरावीक मुदत त्यातूनच आली. तेव्हा त्या महापौर नव्हत्या.

धागाकर्ता: समलिंगी जोडप्यांना दत्तक घेण्याचा हक्क देणारे विधेयक मात्र त्यांनी २०१० मध्ये मांडले, दोन्ही पदांवर असताना, आणि ते विधानसभेत ४६ विरुद्ध ४४ मतांनी संमत झाले. दोन मतांच्या फरकाने घरे वसली, हे मी विसरू शकत नाही. दुहेरी पगाराचा आक्षेपही टिकत नाही, कारण महापौरपदाचे मानधन त्या धर्मादाय कामाला देत होत्या. २००७ आणि २०११ मध्ये मतदारांनी, त्या महापौर आहेत हे पुरते ठाऊक असताना, त्यांनाच आमदार केले. मतदारांना जे खटकले नाही, ते सरकारला का खटकावे?

प्रतिसाद २ (मध्यममार्गी): कॉलेज स्ट्रीटवर हाइड पार्कलगत महापालिकेने सायकलमार्ग बांधला होता, २०१५ मध्ये राज्याच्या रस्ते खात्याने तो काढून टाकला. महापौर तेव्हाही मूरच होत्या, विधानसभेत मात्र नव्हत्या.

प्रतिसाद १: त्या विधानसभेत असत्या, तरी ९३ जणांतल्या एका मताने तो मार्ग वाचला नसता. राज्याची पालिकांवरची सत्ताच आटोक्यात आणायची असेल, तर मागणी कायदा बदलण्याची हवी, दोन खुर्च्यांची नव्हे.