जुना लॅपटॉप मोडीत काढण्याआधी

नवा फायबर राउटर आल्यापासून मोबाईल जोडले जातात, पण जुना लॅपटॉप जोडला जात नाही, म्हणून तो मोडीत काढावा, हा काही जण देतात तो सल्ला मला घाईचा वाटतो. लॅपटॉपला नेटवर्कचे नाव दिसते की नाही, हे आधी पाहावे. नाव दिसूनही जोडणी होत नसेल, तर बहुधा राउटरवर केवळ डब्ल्यूपीए३ ही सुरक्षा निवडलेली असते, जी २०१८ मध्ये आली आणि त्याआधीच्या अनेक वायफाय कार्डांना (लॅपटॉपमधल्या वायफाय जोडणाऱ्या भागाला) चालत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२ एईएस ही त्याआधीची सुरक्षा निवडावी. नाव दिसतच नसेल, तर कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झ या वायफायच्या एका बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) चालणारे असू शकते, तेव्हा राउटरवर तो बँड चालू आहे का, हे तपासावे. इंटेलच्या ७२६० सारख्या कार्डांची गोष्ट निराळी आहे: ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) जुना असला, तर राउटरवर वायफाय ६ ही वायफायची नवी पिढी चालू असताना त्यांना ते नेटवर्क दिसतच नाही. अशा वेळी मोबाईलचे इंटरनेट यूएसबी केबलने लॅपटॉपला देऊन इंटेलच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर उतरवून घ्यावा. पासवर्ड काढून नेटवर्क उघडे ठेवण्याचा उपाय मात्र कृपया कोणीही करू नये.